तीन महिन्यांनंतरही न थांबणारे दुखणे : वेदनातज्ज्ञ त्याकडे कसे पाहतो

जखम भरून आली, हाड सांधले, शस्त्रक्रियेचे टाके सुकले आणि तरीही दुखणे थांबले नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला बहुधा दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. पहिले असे की, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही. आणि दुसरे असे की, आता वय झाले, सोसायची सवय करा. भूलशास्त्र शिकून पुढे वेदनाचिकित्सेकडे वळलेली डॉक्टर म्हणून मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, कारण पहिल्यात माणसाच्या सांगण्यावर अविश्वास आहे आणि दुसऱ्यात उपचाराची शक्यताच नाकारलेली आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरांचे जिने उभे आणि अरुंद असतात. गुडघा किंवा कंबर धरलेली वडीलधारी माणसे तिथे आधी देवळात जाणे बंद करतात, मग नातेवाइकांकडे जाणे, आणि शेवटी खाली उतरणेच. अशा माणसासाठी वेदनातज्ज्ञ नेमके काय करतो, काय विचारतो, कोणते औषध का देतो आणि कोणते मुद्दाम देत नाही, ते येथे सांगते.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात दीर्घकालीन वेदनेच्या प्रकारांची पद्धतशीर मांडणी केली गेली. त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. पायात काटा रुतल्यावर होणारी वेदना हे लक्षण असते आणि काटा काढला की ती जाते. परंतु काही माणसांत वेदना हाच आजार होऊन बसतो आणि मूळ कारण दूर झाल्यावरही तो चालू राहतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येनुसार वेदना हा शारीरिक आणि भावनिक असा दुहेरी अनुभव आहे आणि तो येण्यासाठी शरीरात इजा दिसलीच पाहिजे असे नाही. माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो ते मानले पाहिजे, असेही त्या व्याख्येच्या जोडटिपणात स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मते सगळ्या उपचाराचा पाया हाच आहे.

इजा नसताना वेदना कशी होईल, हा प्रश्न साहजिक आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतातून त्याचे उत्तर मिळू लागले. त्याआधी असे समजले जात असे की, इजेच्या जागेतून निघालेला संदेश तारेतून वीज जावी तसा मेंदूपर्यंत सरळ पोचतो. या दोघांनी दाखवले की, मज्जारज्जूमध्ये या संदेशाला जणू एक दार ओलांडावे लागते. स्पर्शाचे संदेश वाहून नेणारे मज्जातंतू ते दार काही अंशी बंद करू शकतात, म्हणूनच कोपर आपटले की आपला हात आपोआप ते चोळायला जातो. मेंदूही वरून खाली संदेश पाठवून ते दार उघडतो किंवा लोटतो. भीती, जागरण आणि सततची काळजी यांनी ते अधिक उघडे राहते. आश्वस्त मन, पुरेशी झोप आणि हालचाल यांनी ते लोटले जाते.

पुढे १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. वेदनेचे संदेश सतत येत राहिले तर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर लाउडस्पीकरचा आवाज कोणी एकदा पूर्ण वाढवून ठेवला की साधे पुटपुटणेही साऱ्या वस्तीला ऐकू जाते, तसे येथे घडते. मग हलका स्पर्श, कपड्याचे घर्षण किंवा थंड वाऱ्याची झुळूक हे सारे वेदना म्हणून जाणवू लागते, आणि दुखणे मूळ जागेपासून आजूबाजूला पसरते. रुग्ण याचे वर्णन अगदी अचूक करतात: आधी फक्त टाच दुखायची, आता सगळा पाय दुखतो. हे ऐकून पुष्कळांना वाटते की माणूस वाढवून सांगतो आहे. तो वाढवून सांगत नसतो. त्याच्या मज्जासंस्थेत खरोखरच बदल झालेला असतो.

म्हणून वेदनातज्ज्ञ सर्वांत आधी वेदनेचा प्रकार ओळखतो, कारण औषध कुठे दुखते यापेक्षा कोणत्या तऱ्हेने दुखते यावर ठरते. झिजलेला गुडघा, सुजलेला सांधा, ताणलेला स्नायू यांतून येणारी वेदना इजेच्या जागीच असते. ती हालचालीने वाढते, विश्रांतीने कमी होते आणि रुग्ण तिला ठणका किंवा दुखरेपणा म्हणतो. मज्जातंतूंनाच इजा झाली असेल तर भाषा बदलते. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक जाते, तळपाय बधिर वाटतात आणि तरीही जळतात, असे रुग्ण सांगतो. मधुमेहामुळे खराब झालेले पायांचे मज्जातंतू, नागीण होऊन गेल्यावर त्याच पट्ट्यात उरलेली जळजळ, चेहऱ्याच्या एका बाजूला जेवताना किंवा दात घासताना उठणारी असह्य कळ ही याची उदाहरणे आहेत. तिसऱ्या प्रकारात सांध्यात किंवा मज्जातंतूत दाखवता येण्याजोगी इजा नसते. वेदना जाणवण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. सर्वांगाचे दुखणे, सकाळी उठल्यावरही न गेलेला थकवा, उथळ झोप आणि विसरभोळेपणा एकत्र दिसणारा फायब्रोमायाल्जिया हा आजार या गटात येतो. एकाच माणसात दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही. गुडघ्याची जुनी झीज, मधुमेहाने जळणारे तळपाय आणि वर्षानुवर्षांची अपुरी झोप एकाच आजींमध्ये सापडते, आणि मग तिन्हींसाठी वेगळा विचार करावा लागतो.

पहिल्या भेटीत मी यंत्रापेक्षा प्रश्नांना जास्त वेळ देते. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, रात्री झोपेतून उठवते का, हे तर विचारायचेच; पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा असतो की, या दुखण्यामुळे तुम्ही काय करणे सोडून दिले आहे. वेदना शून्य ते दहा या मापात सांगायला बहुतेक रुग्णांना सांगितलेले असते, परंतु एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. म्हणून तीन आकडे विचारण्याची एक सोपी पद्धत वापरली जाते: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणे किती होते, त्याने आयुष्यातला आनंद किती हिरावला, आणि रोजच्या कामात किती अडथळा आणला. पुढच्या भेटीत पहिला आकडा तसाच राहून उरलेले दोन खाली आले असतील, तर उपचार योग्य दिशेने चालले आहेत असे मी समजते.

त्यानंतर तपासणी. कापसाचा बोळा आणि बोथट टाचणी या दोन साध्या वस्तूंनी दोन्ही बाजूंची संवेदना ताडून पाहता येते. नुसत्या कापसाच्या स्पर्शाने माणूस कळवळला तर मज्जातंतूंचे दुखणे असल्याची शंका बळावते. मधुमेही रुग्णाच्या तळपायावर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध अनेक वर्षे घेणाऱ्या माणसात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि तो शाकाहारी असेल तर ही शक्यता अधिक वाढते. त्या कमतरतेनेही पाय जळतात आणि मुंग्या येतात, म्हणून ही रक्ततपासणी मी सहसा टाळत नाही.

एमआरआयबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण या एका तपासणीने जितका दिलासा दिला आहे तितकीच भीतीही पसरवली आहे. रिपोर्टमध्ये 'मणक्याची गादी सरकली', 'झीज झाली' असे वाचल्यावर माणूस वाकणे सोडतो, ओझे उचलणे सोडतो, आणि आपला कणा मोडकळीस आला आहे असे मनाशी धरून बसतो. कंबरदुखीचा कोणताही त्रास नसलेल्या लोकांचे स्कॅन केलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, वीस वर्षे वयाच्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांत गादीची झीज दिसते आणि ऐंशी वर्षांच्या माणसांत हे प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत जाते. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण याच वयांत ३० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांपर्यंत वाढते. ही सारी माणसे ठणठणीत होती. केस पांढरे होणे जसे वयाबरोबर येते तशाच यांतल्या पुष्कळशा खुणा असतात. म्हणून स्कॅनमध्ये दिसलेली गोष्ट आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसतो का, हे तपासल्याशिवाय त्या चित्रावर उपचार करू नयेत.

याचा अर्थ तपासण्या निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काही घडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मज्जातंतूंवर आलेला दाब वेळेत न काढल्यास कायमचे नुकसान होऊ शकते. कारण नसताना वजन घटणे, ताप येत राहणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर सुरू झालेले म्हाताऱ्या माणसाचे पाठीचे दुखणे, झोपूनही न थांबणारी रात्रीची वेदना या खुणा दिसल्या तर आधी कारण शोधावे लागते. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. वेदना कमी करण्याचा विचार अशा वेळी दुसऱ्या क्रमांकावर जातो.

कारण तपासून झाले, प्रकार ओळखला, की उपचाराचे ध्येय रुग्णाबरोबर बसून ठरवावे लागते. दीर्घकालीन वेदना पूर्णपणे शून्यावर येईल असे आश्वासन मी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. वेदना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली तर माणसाला जाणवेल इतका फरक पडतो आणि ५० टक्क्यांनी कमी झाली तर तो मोठा लाभ मानला जातो. ध्येय मात्र टक्क्यांत न सांगता कामांत सांगितलेले बरे: नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणे, खुर्चीवर बसून का होईना पण पूजा पूर्ण करणे, मकरपुऱ्याच्या कारखान्यातली पाळी मध्येच सुटी न घेता पार पाडणे.

औषधांबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा की, दुखण्याची गोळी म्हणजे एकाच जातीची वस्तू आहे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज आणि सांध्याच्या ठणक्यावर काही दिवस चांगला उपयोग करतात. परंतु मज्जातंतूंच्या जळजळीवर त्यांचा जवळजवळ परिणाम होत नाही. तरीही औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून त्या महिनोन्महिने घेतल्या जातात. त्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल, तर तिसरी म्हणून ही दुखण्याची गोळी आल्यावर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याची शक्यता असते, आणि वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेले असताना ती आणखी वाढते. डोकेदुखीत तर वेगळाच धोका आहे: साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनू शकते.

मज्जातंतूंच्या वेदनेसाठी जी औषधे देतात ती मुळात दुसऱ्या आजारांसाठी तयार झाली होती. अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटीन ही नैराश्यावरची औषधे आहेत, तर गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही फिट्सवरची. चिठ्ठी घेऊन दुकानात गेलेल्या रुग्णाला तिथे कळते की ही मानसिक आजाराची गोळी आहे, आणि डॉक्टरांनी आपल्याला वेडे ठरवले असा समज करून तो औषध फेकून देतो. म्हणून मी चिठ्ठी देण्याआधीच सांगते की, मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणारे वेदना दाबणारे संदेश ज्या रसायनांवर चालतात, तीच रसायने ही नैराश्यावरची औषधे वाढवतात. अमिट्रिप्टिलीन नैराश्यात लागते त्याच्या मानाने फार थोड्या मात्रेत, बहुधा रात्री दहा मिलिग्रॅमपासून, सुरू करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवीला त्रास हे अमिट्रिप्टिलीनचे परिणाम असल्याने पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) वाढलेल्या, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असलेल्या वृद्धांना ते जपून द्यावे लागते. प्रीगॅबालिनने झोप येते, चक्कर येते, पावलांवर सूज येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि ते एकदम बंद करायचे नसते. नुसत्या साध्या कंबरदुखीसाठी हे औषध सर्रास लिहिले जाते, पण तिथे त्याचा फारसा फायदा दिसत नाही. चेहऱ्याच्या विजेसारख्या कळेवर मात्र कार्बामाझेपिन हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे.

अफूवर्गीय औषधांविषयी थोडक्यात इतकेच की, कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन हे अत्यंत आवश्यक औषध आहे आणि योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनची भीती बाळगून रुग्णाला तळमळत ठेवणे योग्य नाही. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करून त्याची उपलब्धता सुलभ करण्याचा प्रयत्नही झाला. कंबर, गुडघा किंवा सर्वांगाच्या जुनाट दुखण्यात मात्र ही औषधे दीर्घकाळ देण्याने फायदा कमी आणि त्रास जास्त होतो, इतकेच नव्हे तर काही जणांत त्यांच्यामुळेच वेदना वाढू लागते. ट्रॅमाडॉल हे याच जातीचे आहे आणि २०१८ पासून भारतात ते नियंत्रित औषधांत गणले जाते, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी मागून घेण्याची सवय सोडायला हवी.

औषध हा उपचाराचा एक भाग झाला; माझ्या अनुभवात अधिक टिकाऊ फरक पडतो तो हालचालीने. दुखते म्हणून माणूस हलत नाही, न हलल्याने स्नायू अशक्त होतात, अशक्त स्नायूंमुळे सांध्यावर भार येतो आणि पुन्हा दुखते. याच्या उलट टोकाला काही माणसे बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकून टाकतात. दिवाळीच्या आधी एकाच दिवसात माळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत साफसफाई करायची आणि नंतर आठवडाभर अंथरुणाला खिळायचे, हे आपल्या घरांत सर्रास घडते. यावर उपाय असा की, वाईट दिवशीही जमेल इतकेच प्रमाण आधी ठरवायचे आणि चांगल्या दिवशीही तितकेच करायचे. कामाठीबागेत वीस मिनिटे चालल्यावर पाय दुखू लागत असेल तर पंधरा मिनिटांवर थांबावे, आठवडाभर तेवढेच ठेवावे, मग एक-दोन मिनिटे वाढवावीत. घड्याळ पाहून थांबायचे, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. थोडे दुखणे वाढले म्हणजे इजा झाली असे नव्हे, हे फिजिओथेरपिस्ट समोर उभे राहून करवून घेतात तेव्हाच रुग्णाच्या मनात ठसते, आणि त्यासाठी सयाजी रुग्णालयाच्या आवारात फिजिओथेरपीचे महाविद्यालय असणे ही या शहराची मोठी सोय आहे.

झोप आणि मन यांचा विषय निघाला की रुग्णाचे नातेवाईक गप्प होतात. एक-दोन रात्री नीट झोप झाली नाही तरी निरोगी माणसाचीही वेदना सोसण्याची क्षमता कमी होते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. मग वर्षभर तुटक झोपणाऱ्या माणसाचे काय होत असेल याचा विचार करावा. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे म्हणजे दुखणे मनाचे खेळ आहे असे म्हणणे नव्हे. 'आता मी कायमचा अपंग होणार' यासारखा विचार वारंवार आला की मज्जारज्जूतले ते दार उघडे राहते, आणि तो विचार ओळखून बदलण्याचे तंत्र शिकता येते.

जॉन बोनिका हे अमेरिकी भूलतज्ज्ञ तरुणपणी व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि त्या कुस्त्यांमुळे त्यांना स्वतःलाही आयुष्यभर सांध्यांच्या वेदना सोसाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, जुनाट वेदनेचा रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पाठवून बरा होत नाही. वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याच्याविषयी बोलावे लागते. आजची वेदनाचिकित्सा बऱ्याच अंशी त्या विचारावर उभी आहे. अखाड्यांची जुनी परंपरा असलेल्या वडोदऱ्यात एका कुस्तीगिराची ही गोष्ट मला विशेष जवळची वाटते.

इंजेक्शने आणि छोट्या प्रक्रिया यांना योग्य जागा आहे, पण ती निवडक रुग्णांतच. मणक्यातल्या गादीने दाबलेल्या मज्जातंतूमुळे पाय सारखा कळवळत असेल तर त्याच्याजवळ दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते आणि त्या काळात व्यायाम सुरू करता येतो. मणक्याच्या छोट्या सांध्यांतून किंवा गुडघ्यातून वेदना नेणारे बारीक मज्जातंतू रेडिओलहरींच्या उष्णतेने निष्क्रिय करता येतात. त्याआधी भूल देणारे औषध तिथे टोचून खरोखर आराम पडतो का ते पाहतात, आणि पडला तरच पुढे जातात. हा आराम बहुधा काही महिने ते वर्षभर टिकतो, कारण मज्जातंतू पुन्हा वाढतात. फायब्रोमायाल्जियात अशा इंजेक्शनांमागे धावण्याने रुग्णाचा पैसा जातो आणि निराशा वाढते.

प्रत्येक नव्या औषधाला मी ठराविक मुदत देते. योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे घेऊनही ते तीन आकडे हलले नाहीत, तर औषध हळूहळू कमी करून थांबवते, त्यावर दुसरे चढवत नाही. गुण आला तर काही महिन्यांनी मात्रा कमी करून पाहते. ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत त्यांनी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या भूलशास्त्र किंवा अस्थिरोग विभागात वेदनाचिकित्सेची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या दिवशी असते याची चौकशी करावी, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून स्वतःहून आणलेल्यासुद्धा, बरोबर न्याव्यात.